रेखाची मशीन इथं चालत नाही

माझा जन्म पांढरकवड्याकडचा. जंगलाले लागून आमचा तांडा होता, थोडीशी घरं, सगळे आपसात नात्याचे, घरात गोरबोली, म्हणजे आमची बंजाऱ्यांची बोली, बोलायची अन् बाजारात मराठी. तुम्ही भांडे धुवायच्या मशीनचं विचारायले आल्या अन् ही म्हातारी जन्मापासून सुरू झाली म्हणून हसू नका मॅडम, मले मधातून सांगता येत नाही. आमचा आजा सांगायचा की त्याच्या आज्याच्या वेळी आपले लोक बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरायचे, मीठ न्यायचं अन् धान्य आणायचं. मी ते ऐकलं अन् सोडून दिलं. त्या मिठाची आठवण झाली ती एकदम म्हातारपणी, माझ्या पोराच्या स्वयंपाकघरात, जेव्हा मशीन मीठ मागून राह्यली होती. ते पुढं सांगते.

शाळा चौथीपर्यंत झाली. वाचता येते, सही करता येते, बाकीचं जगण्यात शिकली. माझा नवरा बांधकाम खात्यात रोडरोलर चालवायचा. माणूस चांगला होता, बोलायचा कमी, कधी पिऊन आलाच तर गुमान झोपून जायचा. जिथं रस्ता तिथं आम्ही. मारेगावकडं रस्ता निघाला की मारेगावकडं, घाटात निघाला की घाटात, ताडपत्रीची झोपडी टाकायची अन् रोलरच्या बाजूले चूल मांडायची. पोरं दोनच झाली, प्रकाश मोठा अन् रेखा लहान. दोघांनाही आश्रमशाळेत टाकलं, सुट्टीत तेवढे झोपडीवर यायचे. पुढं नवऱ्याची नोकरी पक्की झाली तेव्हा यवतमाळले लोहाऱ्याकडं जागा घेतली, तेच हे घर. तो गेला त्याले आता लई वर्षं झाली.

भांड्याचं सांगते. नाल्याच्या काठी बसून मी भांडे घासायची, चुलीतली राख अन् नारळाची शेंडी, दुसरं काही माहीत नव्हतं. रेखा माझ्या बाजूले बसायची अन् तोंड वाकडं करून घासायची. हात फाटायचे तिचे. पण मी सोडायची नाही. आमची याडी, म्हणजे माझी आई, सांगून गेलती की खरकटं ताट घरात तसंच ठेवून झोपू नये, त्या घरातला एक जेवणारा कमी होते. मी मानत होती का नव्हती, ते मले माहीत नाही, पण पाळत होती. कितीही थकली तरी शेवटचं ताट घासून पालथं घातल्याशिवाय मी कधी आडवी झाली नाही. रेखा म्हणायची, याडी, मी मोठी झाली की भांड्याले बाई ठेवीन, तुलेच ठेवीन. मी म्हटलं ठेव, पण मी दांड्या लई मारीन. ती म्हणे मग काढून टाकीन. अशी ती पोरगी, जिभेनं माझ्यासारखी.

पोरगी शिकली. प्रकाशही शिकला, पण रेखा त्याच्या पुढं गेली. पुण्याले नोकरी लागली, तिथंच आपल्यातलाच मुलगा पाह्यला, संजय, पुसदकडचा, गरीब स्वभावाचा. लग्नात भांडे द्यायचे होते. यवतमाळच्या बाजारात भांड्याच्या दुकानाबाहेर एक माणूस हातातल्या बारीक मशीननं भांड्यांवर नावं घालायचा, टर्रर्र करत. त्यानं विचारलं काय लिहू. मी म्हटलं लिही, रेखाले याडीकडून. तो म्हणे आईकडून लिहितो, याडी कोणाले समजणार. मी म्हटलं जिले समजायचं तिले समजते, तू लिही. रेखाले लाज वाटली, म्हणे याडी, पुण्यातले लोक वाचतील. मी म्हटलं वाचू दे, ताट माझं आहे, पुण्याचं नाही. स्टीलचं जाड ताट होतं, उंच काठाचं. बाकीचे भांडे तिनं पुण्यात वाटून टाकले असतील, पण पुढं दोघं अमेरिकेले गेले तेव्हा ते ताट ती संग घेऊन गेली.

अमेरिकेले मी एकदाच गेली, अनू झाली तेव्हा. अनू म्हणजे रेखाची पोरगी, माझी नात. तिथं पहिल्यांदा मी भांड्याची मशीन पाह्यली. ओट्याच्या खाली बसवलेली, दार खाली पडते, आत दोन जाळ्या. केवढी ऐसपैस, परात सोडली तर सगळं आत जायचं, कुकरचं भांडं, कढई, ताटं उभी. पहिल्या दिवशी मी काय केलं, सगळे भांडे नळाखाली घासून लख्ख केले अन् मग मशीनमध्ये लावले. मले वाटलं एवढ्या मोठ्या मशीनमध्ये खरकटं कसं घालावं, ते कोणाच्या घरात खरकट्या तोंडानं शिरल्यासारखं. रेखा पोट धरून हसली. म्हणे याडी, तू तर मशीनले आंघोळ घातलेले भांडे दाखवून राह्यली, तिले खायले काही ठेव. तेव्हा समजलं की त्या मशीनच्या पोटात चक्की आहे. भाताची शितं, डाळ, भाजीचा देठ, जे राह्यलं ते दळून पाण्यासंग सोडून देते. मागं काही उरत नाही, काही काढायचं नाही, काही पाहायचं नाही.

आणि आवाज केवढा. आपल्याकडं मळणीयंत्र चालते तसा. घरभर घरघर. गरम पाणी तिले नळातूनच येते, त्या घरात मोठी टाकी तापलेली असायची. काम लवकर उरकायचं, अन् शेवटी खाली एक तार लाल व्हायची, तिच्यानं भांडे कोरडे ठण्ण. एकदा प्लास्टिकचा डबा त्या तारेवर पडला अन् वितळून मेणासारखा झाला, तो वास दोन दिवस घरात होता. पण अनूची गंमतच होती. तान्ही पोर रडायले लागली की रेखा मशीन लावायची, भांडे असो नसो, अन् त्या घरघरीत पोर झोपायची. पुढं मोठी झाली तरी तिले तो आवाज लागायचा. दुपारी शाळेतून आली की मशीनले पाठ लावून खाली बसायची, गरम लागते म्हणे, अन् तिथंच बसून चित्रं काढायची. हे मले फोनवर दिसायचं.

इकडं प्रकाशले त्याच्या कंपनीनं जर्मनीले पाठवलं, दोन वर्षं राह्यला. आला तो म्हणे याडी, मले आता भांड्याची मशीन पाहिजे, वंदना नोकरी करते, तू म्हातारी झाली. वंदना माझी सून, बँकेत आहे, कामाले खमकी, बोलायले जरा कोरडी, पण मीही कोरडीच आहे त्यामुळं आमचं जमते. तर नागपूरहून ही मशीन आणली, तिकडच्या पद्धतीची. तुम्ही आताच पाह्यली ना, चालू आहे अन् समजलं नाही तुम्हाले. हिचा आवाजच नाही. पहिल्या दिवशी मी दार उघडून पाह्यलं की बिघडली काय, तर तोंडावर वाफ आली.

ही पाणी स्वतः तापवते. आपल्या इथं ते बरं, आपल्या घरी कुठं गरम पाण्याची टाकी आहे. पाणी थोडंच घेते, अन् आपला नळ कसा येते ते तुम्हाले मी काय सांगू. पण वेळ लई घेते, दोन-तीन तास सहज, सकाळी लावली तर दुपारच्या जेवणालेच ताटं. शेवटी तार लाल होत नाही, दार थोडं उघडून ठेवा लागते, अन् डबे, झाकणं ओलेच निघतेत, ते पुसून ठेवा. वाट्या उलट्या नाही लावल्या तर पाणी भरून बसते. हिच्या पोटात चक्की नाही, जाळी आहे. सगळं खरकटं त्या जाळीत अडकते अन् ते आठवड्यातून आपल्या हातानं काढून धुवा लागते. वंदनाले किळस येते, ते काम माझं.

आणि मीठ. आपल्या बोअरचं पाणी जड, भांड्यावर पांढरे डाग पडतेत, म्हणून हिच्या पोटात मीठ भरा लागते, मोठं खड्याचं, वेगळं मिळते. ती बत्ती लावून मागते. पहिल्यांदा मी घरचं बारीक मीठ टाकलं तर प्रकाश ओरडला, त्यानं ते सगळं चमच्यानं उपसलं. तेव्हा मले आजा आठवला. मी रेखाले फोनवर सांगितलं, आपले लोक मीठ वाहून मेले अन् आता मी मशीनले चारते. ती हसता हसता खोकलली. मी म्हटलं खोकला काहून आहे, तर म्हणे थंडी आहे इथं.

दोघं भाऊ-बहीण फोनवर मशीनवरून भांडायचे. ती म्हणायची, दादा, तुझी मशीन सरकारी ऑफिससारखी आहे, सकाळी कागद दिला की संध्याकाळी सही. तो म्हणायचा, अन् तुझी तर बाई, शेजाऱ्याले वाटत असेल घरात गिरणी टाकली. ती म्हणे माझी कोरडे भांडे देते, तुझी ओले. तो म्हणे माझी जाळी दाखवते पोटात काय आहे ते, तुझी लपवून गिळते. असं दर रविवारी. मी मधात बसून पापड लाटायची अन् म्हणायची की दोघंही राखेनं घासून मोठे झाले, आता मशीनचे वकील झाले.

पण प्रकाश बोलला ते खरं निघालं. पोरगी गिळून राह्यली होती. आजार होता, कुठला ते नाव मी घेत नाही. वर्षभर तिनं मले सांगितलं नाही, भावाले सांगितलं नाही. फोन केला की कॅमेरा दुसरीकडं, अनूच्या चित्रांवर, नाही तर खिडकीकडं. मले वाटलं कामात आहे. शेवटी संजयनं सांगितलं तेव्हा प्रकाशनं माझं तिकीट काढलं. मी पिशवी भरली, तिच्यासाठी ज्वारीचं पीठ घेतलं, तिले आमची बाटी, म्हणजे आपली भाकरच, लई आवडायची. नागपूरले जायले गाडी दारात उभी होती, ड्रायव्हर पिशव्या मागं ठेवून राह्यला होता, अन् फोन आला. प्रकाशनं फोन घेतला, ऐकला, अन् ड्रायव्हरले म्हणाला, पिशव्या खाली उतरव. एवढंच. त्यावरून मले समजलं. मी गेली नाही. संजय म्हणे आता येऊन काय पाहाल. तिथं सगळं मशीनच करते, तिले अग्नी द्यायचा तोही मशीननंच दिला. आम्ही इथं बसून फोनवर पाह्यलं, मधात मधात चित्र अडकायचं.

त्यानंतर काही महिन्यांनी संजयनं तिथलं घर विकलं अन् हैदराबादले बदली करून घेतली. तिथं त्याले आधी लहानसं भाड्याचं घर होतं, म्हणून सामान सगळं आमच्याकडं आलं, अन् अनूही आली. दहा वर्षांची पोर. म्हणे तो बस्तान बसवेपर्यंत नानीकडं राहू दे. ट्रकमधून खोके उतरले अन् सगळ्यात शेवटी चार माणसांनी एक मोठं धूड उतरवलं, चादरीत गुंडाळलेलं. सोडून पाह्यलं तर रेखाची मशीन. दाराले चहूबाजूनं चिकटपट्टी मारलेली. प्रकाश म्हणे, जावईबापू, ही कायले आणली, तिथली लाईट आपल्यापेक्षा निम्मी असते, ही इथं लावली तर जळून जाईल. संजय म्हणे, माहीत आहे. मग म्हणे, घर घेणारा ती ठेवा म्हणत होता, मले ठेववली नाही. अन् मान खाली घालून गाडीत जाऊन बसला. आम्ही समजलो की दुःखात माणूस असं काहीबाही करते. मागच्या पडवीत ठेवून दिली.

आता अनूचं ऐका. पोर गुमान होती. मराठी यायची थोडी, आमची बोली त्याहून थोडी, बाकी इंग्रजी. शाळेत जायची, यायची, नमस्कार करायची, सांगितलेलं ऐकायची. पण जेवायची नाही. ताटात वाढलं की चार घास खायची अन् म्हणायची झालं. आईचं नाव काढायची नाही, रडली तर एकदाही नाही. आमच्याकडं माणूस गेला की बाया गळ्यात पडून शब्द लावून रडतेत, सगळं बोलून घेतेत, आजूबाजूची माणसं ऐकतेत. या पोरीले ते कोण शिकवणार. नातेवाईक बाया आल्या, तिले छातीशी धरून रडल्या, ती लाकडासारखी उभी. गेल्यावर जाऊन मशीनले पाठ लावून बसली. ती मशीन बंद, थंडगार, तरी रोज शाळेतून आली की तिथंच. वाळत चालली होती. तिच्या मनगटाकडं पाहून मले वाटायचं की एक पोरगी तर हातची गेली, ही माझ्या डोळ्यांदेखत जाऊन राह्यली.

दिवाळीची साफसफाई आली. वंदना म्हणे ती मशीन भंगारात द्यायची काय, पडवी अडली आहे. अनूनं ऐकलं अन् त्या दिवशी जेवलीच नाही. तेव्हा प्रकाशच्या मनात आलं, पोरीले आईची मशीन चालू करून दाखवू, तो आवाज ऐकून बरं वाटेल. भाचीवर जीव त्याचा. ओळखीच्या लाईटवाल्याले घेऊन आला, त्यानं लाईट निम्मी करायची एक जड पेटी आणली. म्हणे साहेब, चालेल थोडा वेळ, पण भरवसा नाही. रविवारचा दिवस, सगळे घरी. त्यानं वायर जोडली, नळी लावली, अन् पट्टी काढायले हात घातला तर अनू मधात येऊन उभी राह्यली. दोन्ही हात दारावर. मामा, चालवू नको. प्रकाश म्हणे अगं, तुझ्यासाठीच तर. तेव्हा ती बोलली, मराठीत, तुटक तुटक. आत मम्मीचं ताट आहे. चालवली तर जाईल ते.

कोणाले काही समजेना. मग मले समजलं. मी म्हटलं, पोरी, नाही चालवत, पण पाहू दे. तिनं हात काढले. मी माझ्या हातानं पट्टी सोडवली अन् दार खाली घेतलं.

भांडे लावलेले होते. दोन कप, एक वाटी, अनूचं छोटं ताट, चमचे, अन् मागं उभं ते स्टीलचं ताट. घरचं शेवटचं जेवण. तिले दवाखान्यात नेलं त्या दिवशी ती थोडा वरण-भात जेवली, संजयनं ताट उचलून मशीनमध्ये ठेवलं, अन् ती घरी परत आलीच नाही. त्यानंतर त्यानं ती मशीन लावली नाही. बाप-लेक कागदाच्या ताटलीत जेवले, महिनोन् महिने. त्यानं दाराले पट्टी मारली अन् समुद्रावरून ते खरकटं तसंच इकडं पाठवलं. ताटात वरण सुकून पिवळं कडक झालं होतं. अन् त्या वरणात बोटं ओढल्याच्या रेघा होत्या. आपण शेवटचा घास निपटून घेतो ना, तशा. चार रेघा. माझ्या पोरीची बोटं. ती अमेरिकेत राहूनही हातानंच जेवायची.

लाईटवाला उठून बाहेर गेला. नंतर आपल्या पेट्या घेऊन गेला, पैसे देऊ लागलो तर घेतले नाही.

मग घरात बोलणं सुरू झालं. माझी नणंद आलती, ती म्हणे मेलेल्या माणसाचं उष्टं घरात ठेवू नये, जीव घुटमळते, वाहत्या पाण्यात सोडून द्या. प्रकाश म्हणे आधी फोटो काढून घेऊ. वंदना म्हणे प्लास्टिकमध्ये बांधून कपाटात ठेवू, पोरीचं समाधान. संजयले फोन लावला, तो एवढंच म्हणाला, अनू म्हणेल तसं करा, माझ्यानं तेव्हाही झालं नाही, आताही होणार नाही. अन् अनू म्हणत होती, कोणीच हात लावू नका. म्हणून ते ताट ओट्यावर कोपऱ्यात ठेवलं, वर बांबूचं टोपलं पालथं घातलं. दोन दिवस ते तसंच होतं. खरकटं ताट घरात अन् मी झोपून राह्यली, आयुष्यात पहिल्यांदा. जेवणारा कमी होते म्हणून पाळायचं, पण जेवणारी तर आधीच गेली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी टोपलं उचललं तर मुंग्या. लाल, बारीक, एका रांगेत, त्या रेघांवरून चालून राह्यल्या होत्या. मले काय झालं मॅडम, मी सांगू शकत नाही. मले राग आला. म्हटलं माझ्या पोरीचं उष्टं मुंग्यांनी खावं, मी जिवंत असताना. मी ताट उचललं, मुंग्या फुंकून फुंकून काढल्या, अन् चुलीवरून, म्हणजे गॅसवरून, गरम भात घेतला अन् त्यावर गरम वरण घेतलं, त्याच ताटात, अन् खाली मांडी घालून बसली. ते सुकलेलं गरम वरणानं भिजलं, मऊ झालं. मी कालवलं अन् घास घेतला.

वंदना ओरडली, याडी, पोट बिघडेल. बिघडलं नाही.

अनू शाळेच्या कपड्यात दारात उभी होती. ती म्हणाली, नानी, ते घाण आहे. मी म्हटलं, माझ्या पोरीचं आहे. लहानपणी ती अर्धं ताटात टाकून पळायची, कोण खायचं ते, मीच खायची ना. हे काही पहिल्यांदा नाही. पोर पाहत राह्यली. मी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मी म्हटलं, तुले नको असेल तर मी सगळं संपवीन, मागं काही ठेवणार नाही, मले सवय आहे. तेव्हा तिनं दप्तर खाली टाकलं, माझ्यासमोर बसली, अन् ताटाच्या तिच्या बाजूनं हात घातला. अन् खायले लागली. खाता खाता तिचं तोंड वाकडं झालं अन् ती रडली. मोठ्यानं, शब्द लावून, इंग्रजीत, मले एक शब्द समजला नाही, पण आमच्या बाया रडतेत तसंच होतं ते, सगळं बोलून राह्यली होती. मी रडली नाही. मी ताटातला भात तिच्या बाजूले सारत राह्यली.

ताट मी बाहेरच्या नळावर नेऊन घासलं, हातानं. प्रकाशच्या मशीनमध्ये टाकलं नाही, अडीच तास ते ताट अंधारात फिरत राहावं असं मले वाटलं नाही. अनू पाणी टाकत होती. नाव कोरलं होतं त्या अक्षरांमध्ये वरण बसलं होतं, पिवळं, रेखाले याडीकडून, एकेक अक्षर पिवळं दिसत होतं. ते काही निघालं नाही. मीही जोर दिला नाही.

पोर त्यानंतर जेवायले लागली, हळूहळू. पुढच्या उन्हाळ्यात संजयनं मोठं घर घेतलं अन् तिले हैदराबादले घेऊन गेला. जायलेच पाहिजे होतं, बापाची पोर आहे. जाताना तिनं ताट घेतलं, कपड्यांच्या मधात गुंडाळून. आता फोन करते. सांगत होती की पप्पानं मशीन घेतली, मामासारखी, बिना आवाजाची, मीठ खाणारी. मी म्हटलं ते ताट तिच्यात टाकू नको. ती म्हणे नानी, मले माहीत आहे. बस, एवढं बोलते अन् ठेवून देते. पोरं मोठी होतेत तशी फोन कमी होतेत, त्यात तिची चूक नाही.

तर तुम्ही विचारलं कोणती घ्यावी. तुम्ही हीच घ्या, प्रकाशसारखी. आवाज नाही, पाणी कमी, आपल्या लाईटवर चालते, पाणी आपलं आपण तापवते. मीठ वेळेवर भरा, जाळी आपल्या हातानं साफ करा, त्याचा कंटाळा करू नका, त्या जाळीत काय अडकलं ते पाहत जा. घाई असेल त्या दिवशी हातानं घासा. अमेरिकेची घेऊ नका, कोणी फुकट दिली तरी. जागा मोठी, काम झटपट, भांडे कोरडे, सगळं खरं, पण ती इथं चालत नाही. अन् तुमची पोरगी बाहेर आहे म्हणता तर तिले बोलताना तोंड दाखव म्हणा. खिडकी नाही, तोंड. देव तिले सुखी ठेवो.

रेखाची मशीन मागं पडवीतच आहे. भंगारात दिली नाही, वंदनाही आता म्हणत नाही. दार घट्ट बसते तिचं, उंदीर जात नाही, म्हणून मी तिच्यात वर्षाची तूरडाळ ठेवते, डब्यांत भरून, दोन्ही जाळ्यांवर. डाळ काढायले दार उघडलं की तुरीचाच वास येते. दुसरा कशाचा येत नाही आता. मी हुंगून पाह्यलं.